ब्राउझरसाठी निविदा

कॉम्प्युटरने साधाच प्रश्न विचारला होता. ‘मला तुमचा नेहमीचा ब्राउझर करता का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नंतर’. शहाणी माणसं अशा वेळी ‘नंतर’ दाबतात आणि कामाला लागतात. कोटेशनरावांनी चष्मा पुसला.

त्यांचं खरं नाव आता ऑफिसच्या जुन्या हजेरीपटातच काय ते उरलं होतं. खरेदी विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा माणूस तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीसुद्धा विकत घेऊ देत नसे. (आग विझवायच्या नळकांड्यांची तुलना चालू असताना एकदा ऑफिसातलं एक कपाट जळलं. तुलनापत्रक मात्र वाचलं, आणि ते बिनचूक होतं.) अशा माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलावर एक विक्रेता बेधडक म्हणतो, मला घ्या? ही सरळसरळ वशिलेबाजी होती.

“आधी रांगेत उभा राहा,” ते स्क्रीनला म्हणाले.

तेवढ्यात बायको पिशवी घेऊन दाराशी आली. “अहो, मी शाळेत जाऊन येते. मुख्याध्यापिकांची सही राहिलीय. अर्ज भरून ठेवलाय, फक्त सहीचा कागद जोडायचा आणि पाठवायचा. पाचला बंद होतो. कॉम्प्युटरला हात लावू नका.”

“मी कशाला लावतोय?”

अर्ज शिवणशिक्षिकेच्या कायम जागेचा होता. गेली अकरा वर्षं ती त्या शाळेत ‘तात्पुरती’ होती. तिने शिकवलेल्या मुलींची स्वतःची दुकानं झाली, एकीने तर शाळेच्या गणवेशाचं काम घेतलं, पण बाई तात्पुरत्याच. जागा पहिल्यांदाच निघाली होती आणि आज शेवटचा दिवस होता.

हे सगळं कोटेशनरावांना माहीत होतं. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला खरोखरच हात लावला नाही. फक्त माउस धरला.

अकरा वाजेपर्यंत कागदावर रकाने आखून झाले. वेग, टापटीप, स्वभाव, शेरा. उमेदवार तीन होते. निळा, हा कॉम्प्युटरबरोबरच घरात आलेला. नारिंगी, हा मुलीने टाकलेला. आणि हिरवा, जो प्रिंटर बसवताना कुणाचं लक्ष नसल्याचं पाहून आत शिरला होता. आता बाजारातली चौकशी करायला हवी होती. ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांकडे गेले.

“काका, तुम्ही कोणता ब्राउझर वापरता?”

“जावयाने बसवून दिलाय तो.”

“चांगला आहे?”

“जावई? ठीक आहे.”

“ब्राउझर हो.”

“त्याच्याशी माझा कधी संबंध आला नाही. मी आपला इंटरनेट बघतो.”

कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला, जो आधी उघडेल तो. औषधवाल्याने आधी चिठ्ठी मागितली. शेवटी त्यांनी मुलीला कामावर फोन लावला.

“कोणता वापरतेस आणि का, थोडक्यात सांग.”

“बाबा, मी मीटिंगमध्ये आहे.”

“शेरा काय लिहू?”

“नारिंगी! कारण तो मला असले प्रश्न विचारत नाही!” फोन बंद.

कोटेशनराव खिन्न झाले. एवढा मोठा व्यवहार, रोजचा घरोबा, आणि कुणीही निवड म्हणून केलीच नव्हती. ज्याच्या नशिबी जो आला त्याच्याबरोबर लोक मुकाट्याने नांदत होते. हे बदलायला हवं होतं, आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून व्हायला हवी होती.

पण परीक्षा सुरू केली तर उमेदवार भलतेच बेरकी निघाले. निळ्यात नारिंगीची माहिती शोधली, तर निळा म्हणाला, ‘मी असताना दुसरा कशाला?’ हिरव्याने न विचारता हवामान सांगितलं. कोटेशनरावांनी नुसतं ‘गु’ टाइप केलं, तर निळ्याने ‘गुडघेदुखीवर घरगुती उपाय’ हे वाक्य स्वतःच पूर्ण करून दाखवलं. याचा अर्थ जुन्या ठेकेदारांना घरातली अंडीपिल्ली ठाऊक होती! अशा परिस्थितीत स्पर्धा निकोप कशी होणार? खरेदीच्या नियमांत याला एकच उत्तर होतं. आधी जुने ठेके रद्द करायचे, मग नवी निविदा उघडायची.

त्यांनी तिघांनाही काढून टाकलं. निळा जाता जाता तीनदा ‘नक्की का?’ म्हणाला. कोटेशनरावांनी तीनदा ‘नक्की’ दाबलं. त्यांच्या हाताला असली सवय होती.

अडीच वाजता स्क्रीन लख्ख झाला. ते प्रसन्न मनाने मागे रेलले. आता तिघांना पुन्हा एकदम, सारख्या अटींवर बोलवायचं. कुठून? अर्थात इंटरनेटवरून. इंटरनेटवर कसं जायचं?

कोटेशनरावांनी रेलणं थांबवलं.

विहिरीत उतरायचा दोर विहिरीच्या तळाशी ठेवून ते काठावर बसले होते. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून लावली. मग प्रिंटरसुद्धा चालू करून पाहिला, कदाचित हिरवा पुन्हा डोकावेल म्हणून. हिरवा मानी निघाला.

पावणेचारला बायको सहीचा कागद घेऊन आली. पाठोपाठ लवकर सुटलेली मुलगी.

“माझा अर्ज कुठाय?”

“प्रक्रियेत आहे.”

“कसल्या प्रक्रियेत?”

कोटेशनरावांनी तुलनापत्रक पुढे केलं. बायकोने ते वाचलं नाही. ती स्क्रीनकडे बघत मटकन खाली बसली. अकरा वर्षांत ती कधी रडली नव्हती आणि आताही रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “अहो, आजच?”

“बाबा, सगळे काढलेत? सगळेच्या सगळे?” मुलगी ओरडली. “एखादा ठेवायचात ना!”

“एक ठेवला असता तर बाकीच्यांवर अन्याय...”

“आणि आईवर?”

याला रकाना नव्हता.

मुलीने आपल्या फोनवर अर्ज उघडला. भरलेला मजकूर शाबूत होता, पण ‘पाठवा’ हे बटण फोनच्या कडेबाहेर कुठेतरी होतं, ते काही केल्या आत येईना. तिघं वर काकांकडे धावली. जावयाने बसवून दिलेला ब्राउझर इतका जुना होता, की साइटने सरळ सांगितलं, ‘कृपया नवा वापरा.’

“माझं तर बरं चाललंय,” काका म्हणाले.

“काका, याच्यावरून नव्याची फाइल तरी उतरवू द्या!” मुलीने पेनड्राइव्ह खुपसला.

“कोणत्याची उतरवतेस?” कोटेशनरावांनी दम खात विचारलं.

“बाबा, एक अक्षर बोलू नका.”

पावणेपाचला घरचा कॉम्प्युटर पुन्हा डोळस झाला. नवा ब्राउझर उघडताच म्हणाला, ‘मला तुमचा नेहमीचा...’ आणि बायकोने वाक्य पुरं व्हायच्या आत ‘हो’ दाबलं. कोटेशनराव कळवळले. तिने सहीचा कागद जोडला, बटण दाबलं, आणि चार सत्तावन्नला स्क्रीनवर उमटलं, ‘आपला अर्ज मिळाला.’

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग हसली. तेव्हा कुठे कोटेशनरावांना धीर आला. (तो थोडा थांबून आला असता तर बरं झालं असतं.)

“सगळं छान झालं,” ते म्हणाले, “पण तू हा कोणत्या निकषावर निवडलास?”

“समोर आला, चालला. बास.”

“आयुष्याचा व्यवहार असा करतात?”

“मग? तुम्हाला कसं निवडलं होतं?”

मुलगी खुर्ची ओढून बसली. कोटेशनरावांनी घसा साफ केला. “म्हणजे... दोनचार स्थळं बघून, तुलना करून...”

“कसली तुलना! आमच्या वडिलांकडे फाइलवर सही घ्यायला यायचात आणि बसलात की उठायचं नाव नाही. आई म्हणाली, रोज येतोच आहे, तर हाच चालवून घेऊ.”

“नंतर कधी... बदलावंसं नाही वाटलं?”

“वाटलं की, पुष्कळदा,” बायको सहीचा कागद फाइलीत ठेवत म्हणाली. “पण पुन्हा पहिल्यापासून सगळं भरत कोण बसणार?”