मोघ्यांचा कोरडा गुरुवार

"पाण्याचं मला शिकवू नका, सिस्टर," यज्ञेश्वर मोघे म्हणाले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

श्यामला सिस्टर बिचारी रोजच्यासारखी समजावून सांगत होती. शुक्रवारी सकाळी दुर्बिणीने आतड्याची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी जेवण बंद. दुपारपासून पावडर कालवलेलं पाणी प्यायचं, थोड्या थोड्या वेळाने एकेक ग्लास, अख्खा जग रिकामा होईपर्यंत. "शेवटी शेवटी अगदी स्वच्छ पाणी पडलं पाहिजे, काका. आतडं साफ नसलं तर डॉक्टरांना काही दिसत नाही, परत यावं लागतं. आणि डॉक्टर शनिवारपासून महिनाभर परदेशी आहेत. औषधाच्या दिवशी घरात पाणी भरपूर..." इथे काकांनी ते वरचं वाक्य टाकलं. काका कर्वेनगरातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी होते. सिस्टरने मुकाट्याने पुढच्या पेशंटला हाक मारली. शहाण्याला कोण शिकवणार?

एरवी मोघे कुणाच्या बापाला भ्यायचे नाहीत. पण आता घाबरले होते, आणि तसंच कारण होतं. त्यांचा थोरला भाऊ अनंता आतड्याच्या कॅन्सरने गेला होता. आणि आता ह्यांना शौचाला रक्त दिसलं होतं. तेव्हापासून झोप उडालेली. ही गोष्ट बायकोशिवाय, म्हणजे सुनीतीबाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हती आणि कळता कामा नये, अशी सक्त ताकीद होती. "एकदा काय ते कळू दे," एवढंच ते दिवसातून दहादा म्हणायचे आणि घरभर येरझारा घालायचे.

आता पाण्याचं. उन्हाळ्यात खडकवासला धरणाने तळ दाखवला की महापालिका गुरुवारी पाणी बंद ठेवते. मोघ्यांची शिस्त त्याच्या वरताण. गच्चीवरच्या टाकीच्या व्हॉल्व्हला कुलूप, किल्ली सेक्रेटरींच्या कमरेला. गुरुवारी सकाळी अर्धा तास पाणी सोडायचं, मग थेट शुक्रवारी. टाकीत उरेल ते अडीअडचणीला. कुणी काही म्हटलं की एकच उत्तर, "आपल्याला पाणी उधळायचं असेल तर आपण समुद्रकिनारी राहायला जावं."

"अहो, उद्या तुमचं औषध आणि उद्याच गुरुवार," बुधवारी सुनीतीबाई म्हणाल्या. "चार बादल्या जास्तीच्या भरून ठेवते."

"सेक्रेटरीच्या घरात साठा? लोक काय म्हणतील?"

"लोक करतात हो साठा."

"म्हणून आपण करायचा? दोन बादल्या बास. टाकीत आहे की."

गुरुवारी दुपारी पहिला ग्लास पोटात गेला. चव अशी, की कुणी मिठाच्या पाण्यात साबण धुतला असावा. दुसरा गेला. तिसरा गेला. काही नाही.

"पावडर बोगस आहे," मोघे म्हणाले. "ह्या लोकांना नुसतं..."

वाक्य अर्धंच राहिलं. पोटात गडगडाट झाला आणि मोघे जे धावले ते धावतच राहिले. बाहेर येऊन खुर्चीत टेकावं, की पुन्हा उठावं. बघता बघता दोन्ही बादल्यांनी मान टाकली.

"सुनीती, पाणी!"

"संपलं."

"मग थांब, टाकी सोडतो." किल्ली घेऊन मोघे पोट धरून गच्चीवर गेले. व्हॉल्व्ह फिरवला तर नुसतं फुस्स. टाकीत डोकावले तर तळाला ओल तेवढी. सकाळच्या अर्ध्या तासात लोकांनी पिंपं, कळश्या, कुकर, कूलर, जे हाताला लागेल ते भरून घेतलं होतं. इतक्या वर्षांच्या शिस्तीतून सोसायटी एकच धडा शिकली होती, मिळेल तेव्हा ओरबाडून घ्या. अख्ख्या इमारतीत घराघरांत पाणी होतं. नव्हतं ते फक्त टाकीत आणि सेक्रेटरींकडे.

टँकरवाल्याला फोन केला. त्याने उद्याचा वायदा केला.

"झालं तेवढं पुरे," मोघे खाली येऊन म्हणाले. "उरलेलं औषध नाही घेत मी."

"आणि उद्या डॉक्टरांना काही दिसलं नाही म्हणजे?" सुनीतीबाईंचा आवाज चढला. "परत महिनाभर रात्री छताकडे बघत पडायचं? तुम्ही जागे असता तेव्हा मीही जागीच असते, कळलं? नाही होत आता माझ्याच्याने. ग्लास घ्या. आणि बादली घ्या. जा खाली बराट्यांकडे."

"बराट्यांकडे? मेलो तरी जाणार नाही!"

कारण हिंदुराव बराट्यांना जीप धुतली म्हणून मोघ्यांनी मागच्याच आठवड्यात नोटीस काढली होती. ती फलकावर लावलीही होती, लाल शाईत. सोसायटी उभी होती ती जमीन एके काळी बराट्यांचीच. पण पोट कुणाचं ऐकतं? मोघे बादली घेऊन गेले.

दार हिंदुरावांच्या बायकोने, मथुराबाईंनी उघडलं. "वहिनी, एक बादली पाणी मिळेल? पाहुणे आलेत."

"कोन हाय गं?" आतून आवाज आला.

"सेक्रेटरी हायेत. बादली घिऊन."

हिंदुराव बनियनवरच बाहेर आले. त्यांना काय आनंद झाला म्हणता! "या, या! जीप धुवायची का काय, सायेब?" पण बादली काठोकाठ भरून दिली. ती लगेच संपली. मोघे पुन्हा दारात. तीही संपली. पुन्हा दारात.

"पाव्हणे हायेत का पलटण?" मथुराबाईंनी विचारलं. "किती जण आल्यात?"

मोघ्यांच्या हातातून बादली सुटली. "बराटे, तुमचा संडास... कुठे आहे?"

"ह्यो काय, डावीकडं..." तोवर मोघे आत.

बाहेर आले. सोफ्यावर बसले आणि लपवलेलं सगळं भडाभडा बोलून गेले. औषध, तपासणी, रक्त. "आमचा अनंता ह्यानेच गेला हो. मला भीती वाटते, बराटे." भीती वाटते हे त्यांनी सुनीतीबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

हिंदुरावांनी पडलेली बादली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "वैनीस्नी सांगा, औषधाचा जग हितंच आना म्हनावं. वरखाली कशापायी करताय?"

जग आला. हिंदुराव स्वतः ग्लास भरून हातात देऊ लागले. "एक थेंब वाया जाता कामा न्हाय, सायेब. तुमचाच नियम हाय." मथुराबाईंनी संडासाच्या दारात हंडे मांडले. बातमी अर्थातच जिन्याने वर गेली. मग एकेक शेजारी आपली बादली घेऊन आला. एरवी एवढा साठा बघून मोघ्यांनी सगळ्यांना नोटिसा काढल्या असत्या. आत्ता ते आतून नुसतं "ठेवा, ठेवा," म्हणत होते.

"भावजी, झालं का सोच्छ?" बाहेरून मथुराबाई.

"होतंय!" आतून सेक्रेटरी.

"अजून एक ग्लास हाय!" दिवाणखान्यातून सगळे.

अब्रूचं पार खोबरं झालं. पण संध्याकाळी जग रिकामा होता आणि मोघे आतून झऱ्यासारखे नितळ झाले होते.

शुक्रवारी हिंदुरावांनीच दवाखान्यात नेलं. तपासणी झाल्यावर डॉक्टर बाहेर आले. "आतडं इतकं साफ क्वचित बघायला मिळतं. कोपरान् कोपरा बघितला. रक्त मूळव्याधीचं होतं, किरकोळ आहे. बाकी काही नाही." सुनीतीबाई भिंतीकडे तोंड करून मनसोक्त रडल्या.

मोघ्यांनी डोळे उघडले. "काय निघालं?"

"काही नाही हो. साधी मूळव्याध. बाकी सगळं छान आहे."

"हुश्श," म्हणून त्यांनी डोळे मिटले. जरा वेळाने उघडले. "सुनीती, काय निघालं गं?"

"काही नाही. मूळव्याध आहे नुसती."

"हुश्श." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "काय निघालं?"

"आवं, आत्ताच सांगितलं की!" हिंदुराव म्हणाले. भुलीमुळे माणूस विसरतो, असं श्यामला सिस्टरने समजावलं. सुनीतीबाई न कंटाळता सांगत राहिल्या.

घरी निघाले, जीप कर्वेनगरात शिरली. मोघ्यांनी मागे वळून विचारलं, "काय निघालं गं?"

"अहो, अजून भूल उतरली नाही का तुमची?"

"ती दवाखान्यातच उतरली," मोघे पुन्हा समोर बघत म्हणाले. "तू सांग."

सुनीतीबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.