रेडिओवरचं वजन

माणसानं आपलं वजन चारचौघांत सांगू नये. चारचौघांत एक वेळ चालेल, पण रेडिओवर तर नाहीच नाही.

आमच्या गावाला रस्ता नाही. नदी आहे, पण फेब्रुवारीत ती गोठून पडलेली असते, आणि मग बाहेरच्या जगात जायचं तर एकच मार्ग, सहा सीटचं विमान. ते इतकं चिमुकलं की तिकीट काढताना आधी वजन विचारतात आणि मग नाव. विचारतात तेही रेडिओवर. आमच्याकडे घरोघरी फ्रीजवर रेडिओ असतो, अख्ख्या गावाचा चॅनल एकच. कुणाचा कुत्रा सुटला, कुणाच्या घरी चहा टाकलाय, सगळं त्याच्यावरच. त्यामुळे विमान कंपनीचा गावातला माणूस, ओस्कर, कुणाला वजन विचारायला लागला की गाव हातातलं काम टाकून कान देतं. (बायकांना तो विचारत नाही. नुसता बघतो, लिहितो आणि मोठ्यानं वाचत नाही. म्हणून तो अजून जिवंत आहे.)

आमच्या लेकीचं, ल्युबाचं, लग्न बेथेल शहरात होतं. त्यासाठी अख्खं विमानच सांगितलं होतं. मी, माझी बायको अगाफिया आणि तिच्या तीन बहिणी. मी गावातल्या दुकानात कारकून आहे. गल्ल्यावर बसलो होतो, तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"वसीली, वजन बोल रे."

मी पोट आत घेतलं. (रेडिओवर पोट दिसत नाही हे मला माहीत आहे. तरी घेतलं.)

"एकशे नव्वद पौंड."

"किती? आवाज नीट येत नाहीये."

"एकशे नव्वद!"

खरा आकडा दोनशे वीस होता. पण गाव ऐकतंय म्हटल्यावर तीस पौंड काय, इकडचे तिकडे!

प्रकरण इथंच मिटायचं. पण ओस्करला हिशेबाची हौस. म्हणाला, "अरेच्चा, मी तुझे दोनशे वीस धरले होते. म्हणजे विमानात तीस पौंडांची जागा झाली की!"

त्याचं वाक्य संपायच्या आत रेडिओवर आमच्या स्वयंपाकघरातून अगाफियाचा आवाज आला. "ओस्कर, ती जागा माझी! मूसचं मटण आणि अकुतकची बादली. लिहून टाक."

अकुतक म्हणजे चरबी आणि साखर फेटून त्यात बेरी घालतात ते. आणि मूस म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण. ते नदी गोठायच्या आधी अगाफियानंच मारलं होतं. (मी होडी धरून बसलो होतो. तेही काम असतंच.) जावयाकडचे लोक शहरातले, फ्रीजरमधल्या कोंबडीवर वाढलेले. त्यांना एकदा खरं जेवण घालायचं असा बाईनं पणच केला होता. घरोघरून "वा वा, अगाफिया!" सुरू झालं. आता खरं सांगायचं तर तेही रेडिओवरच सांगावं लागणार होतं. मग मी म्हटलं, जाऊ दे, लग्नाला महिना आहे. तीस पौंड उतरवूनच टाकू.

जेवण निम्म्यावर आणलं. राहिला व्यायाम. लाकूड फोडण्यासारखा व्यायाम नाही, पण आपल्याच दारात फोडावं तर बायकोला संशय. न सांगता मी कुऱ्हाडीला हात लावल्याचं तिनं लग्न झाल्यापासून पाहिलेलं नाही. म्हणून गेलो मत्रोना आजीकडे. आजी एकटी, ऐंशी ओलांडलेली.

"तुला कुणी पाठवलं?" आजीनं दार किलकिलं करून विचारलं.

"कुणी नाही, आजी. असाच आलो, लाकडं फोडायला."

"बायकोनं घराबाहेर काढलं का रे?"

"नाही हो!"

"मग काढेल. फोड."

घाम निघेपर्यंत फोडली. हलकं हलकं वाटायला लागलं. निघालो तर आजी दारात आडवी. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचं काम केलं की पैसे घेत नाहीत, जेवतात. आणि ताट रिकामं होईपर्यंत म्हातारं माणूस समोरून हलत नाही.

"आजी, मी जेवून आलोय."

"म्हणजे मत्रोना कंजूष आहे असं गावभर सांगायचं ठरवलंयस?"

तळलेल्या पावाची चळत, सूप, वर वाडगाभर अकुतक. मनाला समजावलं, बेरी आहेत, फळं तब्येतीला चांगली. (बेरी मोजक्या होत्या. बाकी सगळी चरबी होती.) आणि घरी पोचेपर्यंत आजी रेडिओवर गेलीसुद्धा. "असा मुलगा सगळ्यांना मिळो. न बोलावता आला, वखार भरून दिली!" दुसऱ्या दिवसापासून गावातल्या तमाम म्हाताऱ्या मला हाका मारायला लागल्या. कुणाचं छप्पर झाडायचं, कुणाचं पाणी आणायचं. व्यायाम जोरात वाढला. ताटंही तशीच वाढली.

घरी मात्र मी दोन चमचे सूप घेऊन उठायचो. पथ्याचं सूप इतकं चविष्ट असतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं. नंतर कळलं ते असं की, अगाफिया बहिणीजवळ रडली होती. "लेक जाणार म्हणून याच्या घशाखाली घास उतरत नाही गं. दोनच चमचे खातो बिचारा. मग त्या दोन चमच्यांत तरी जीव नको?" असं म्हणून ती त्यात नळीचा मगज आणि सीलचं तेल ओतत होती.

दुकानात पिठाची पोती तोलायचा मोठा काटा आहे. त्याच्यावर अधूनमधून उभा राहायचो. आकडा वर चालला होता. वाटलं, बुटांचं वजन असेल. बूट काढले. मग कोट काढला. एका दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून नुसत्या आतल्या लोकरी कपड्यांत काट्यावर उभा होतो, तर समोर ओस्कर.

"काय रे, पार्सल करायचंय का स्वतःला?"

"काटा तपासतोय," मी म्हणालो. "माझं वजन मला माहीत आहे ना, त्यावरून."

ओस्करनं वाकून आकडा पाहिला. दोनशे एकतीस. त्यानं एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. गरीब आणि भोळा माणूस. म्हणाला, "अरे बापरे! हा तर चाळीस पौंड जास्त दाखवतोय. आणि याच्यावर आम्ही पीठ घेतो?"

झालं. रेडिओवर गेला. दुसऱ्या सकाळी अर्धं गाव रिकामी पिशवी घेऊन दुकानात, 'आमचं कमी भरलेलं पीठ द्या' म्हणून. मालकानं मला दिवसभर काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ल्युबाचा फोन आला. "बाबा, चर्चच्या दारातून माझा हात धरून तूच आत न्यायचंस. तू नसशील तर मी दारातच उभी राहीन, आत्ताच सांगते." मी हो हो म्हणालो. फोन ठेवून सूट बॅगेत भरला. (घालून बघितला नाही.)

सकाळी धावपट्टीवर बोचरा वारा. वैमानिक नवीन, शॅनन नावाची तरुण मुलगी. म्हणाली, "आज वारा वाईट आहे. अंदाजानं चालणार नाही. सगळ्यांनी काट्यावर उभं राहा."

ओस्करनं स्लेजवर घालून काटा आणला. आमच्या दुकानाचाच. मला डोळा मारून म्हणाला, "हा चाळीस जास्त दाखवतो, घाबरू नका."

अगाफिया उभी राहिली. ओस्करनं लिहिलं होतं, अगदी तेवढंच. थोरली बहीण, तेवढंच. मधली, धाकटी, पौंडाचा फरक नाही. ओस्कर चक्रावला. मग मी चढलो. ओस्करच्या हातात सवयीनं माइक होता आणि बोट सवयीनं बटणावर.

"दोनशे अडतीस!" तो ओरडला. गावभर.

शॅनननं हिशेब केला. "अठ्ठेचाळीस जास्त. एक तर हे उतरतील, नाहीतर तेवढं सामान."

मला ल्युबा दिसायला लागली, चर्चच्या दारात उभी. पण आधी खोटं मीच बोललो होतो. म्हणालो, "अगाफिया, तू मटण घेऊन जा. मी राहतो." आणि खरं सांगतो, रडू आलं.

अगाफियानं मटणाच्या खोक्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मटण काय, कोंबडीसुद्धा लोक खातात," ती म्हणाली. "दारातून न्यायला दुसरा बाप कुठून आणू? ओस्कर, उतरव ते खोकं. बादलीपण. आणि ह्याची सुटाची बॅग काढ, नाहीतरी हा त्यात मावायचा नाही."

"पण जेवणाचं काय?" धाकटी बहीण कळवळली.

"चाललंय की विमानातून. ह्याच्या आत."

शॅनननं मला पुढं, स्वतःच्या शेजारी बसवलं. मी मागं वळून मेव्हण्यांना म्हणालो, "नवरीच्या बापाचा मान असतो."

"तसं नाही," शॅनन म्हणाली, "जड सामान मागं ठेवलं तर शेपूट खाली जातं."

सूट नव्हता, म्हणून फरचा जाडा कोट घालूनच ल्युबाला आत नेलं. पोरगी त्या कोटात तोंड खुपसून रडली. "बाबा, आलास ना, बास." त्या क्षणी माझं वजन कुणी विचारलं असतं तर मी रेडिओवर, टीव्हीवर, कुठंही सांगितलं असतं. जेवायला कोंबडी होती. जावयाकडचा एकेक माणूस येऊन हात मिळवत होता आणि माझ्या पोटाकडे आदरानं बघत होता. अगाफियानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमच्याकडचं खरं जेवण ते हेच. मी रात्रभर नाचलो.

परत आलो तेव्हा ओस्कर धावपट्टीवर माइक घेऊन उभाच. बेथेलहून आलेला आकडा त्यानं वाचला, "वसीली आला. दोनशे पस्तीस." यावेळी मी पोटसुद्धा आत घेतलं नाही. उलट वाटलं, तीन पौंड उतरले की! गावानं टाळ्या वाजवायला हव्यात.

रेडिओ खरखरला. मत्रोना आजी.

"तीन पौंड कमी? अगाफिया, लेकीच्या लग्नात उपाशी ठेवलंस का गं माझ्या पोराला? वसीली, घरी मग जा, आधी इकडे ये. तुमचं ते मटण ओस्करनं माझ्याकडेच टाकलंय, बादलीपण अर्धी आहे अजून. आणि हे बघ, लाकडं संपलीत."