शुभांगीचा दुसरा गोल

रंभाजी साळव्यांच्या घरी चहा लगेच मिळत नसे. आधी ढालीची हकिगत ऐकावी लागे, मग चहा. साखर कारखान्याच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. त्यात दारातून पाऊल आत पडताच नजर ढालीवरच जावी अशा बेताने ती टांगलेली होती. पाहुण्याने तरीही दुसरीकडे पाहिलंच, तर रंभाजी उठून ढालीवरची धूळ पुसत. धूळ नसली तरी पुसत.

"आमची शुभांगी," ते सुरुवात करत. "हॉकीची कॅप्टन. जिल्ह्याची फायनल. शिट्टी वाजली. पोरीनं मधल्या रेघेवरनं बॉल घेतला आन् निघाली ती सरळ! एक पोरगी तिला आडवी आली न्हाई, पाव्हणं. गोलकीपरचं तर नावच सोडा. फाडकन् गोल. मॅच खल्लास!"

"एका गोलात?"

"एका गोलात. समोरच्या टीमचं एक मानूस मैदानात दिसलं न्हाई!"

यातला शब्द न् शब्द खरा होता. रंभाजी कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. उसाच्या गाडीचं वजन पावशेर इकडचं तिकडे करायचे नाहीत, असा त्यांचा लौकिक श्रीगोंद्यापर्यंत होता. तेव्हा खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. फक्त एक बारीकशी गोष्ट त्यांच्याकडून सांगायची राहून जाई. समोरची टीम आलीच नव्हती.

पंच्याण्णव साली मुलींच्या हॉकीत अख्ख्या जिल्ह्यातून दोनच शाळांनी नावं दिली होती. त्यातल्या एकीची गाडी वाटेत बंद पडली. दुपारपर्यंत वाट पाहून पंच म्हणाले, "बॉल मोकळ्या गोलात ढकला आणि ढाल घेऊन घरी जा." शुभांगीने ढकलला. तिच्या हॉकीच्या कारकिर्दीतला तो पहिला आणि तोवरचा एकमेव गोल. ढालीचा फोटो काढताना बाकीच्या पोरी हसत होत्या आणि ही एकटी तोंड पाडून उभी होती.

"पप्पा, नका ना सांगू सगळ्यांना," ती म्हणायची. "मोकळ्या गोलात तर आईपन गोल करील."

"मला नको बाई," जयमालाबाई चुलीपाशी बसून उत्तर देत. "माझ्या भाकरी करपतील."

पण बाप सांगायचा एक आणि वसाहत ऐकायची सात. काट्यावर ट्रॅक्टर लावला की ड्रायव्हर विचारी, "साळवे भाऊसाहेब, पोरीनं सात गोल मारले म्हनं?" अशा वेळी रंभाजी चष्मा नीट करून वजन लिहायला घेत. हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही, म्हणजे खोटं बोललं नाही, असा त्यांचा हिशेब होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या उन्हाळ्यात सासरवाडीला लग्न निघालं आणि तिथे साडू भेटले.

साडू बन्सी गायकवाड भंडारदऱ्याच्या धरणावर चौकीदार होते. साडूसाडूंचं नातं कसं असतं ते ज्याला साडू आहे त्यालाच कळतं. जयभीम झाला, पाणी झालं आणि बन्सींनी नव्या मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवायला सुरुवात केली. रंभाजींकडे फिरवायला काही नव्हतं. सायकलीची किल्ली होती, पण ती फिरवण्यात काही अर्थ नव्हता. मग त्यांनी हॉकी काढली. जेवणाची पंगत उठेपर्यंत त्यांनी ती पुरवली. बन्सींची किल्ली खिशात गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरींनी खेळायचं आसतंय व्हय हे?" आणि नंतर ते गप्प बसले. साडू गप्प बसला की काहीतरी शिजतंय हे रंभाजींना कळायला हवं होतं, पण विजयाच्या भरात ते दोन जिलब्या जास्त खाऊन घरी आले.

पावसाळा सरून गाळप सुरू होताच काट्यावरचा फोन वाजला.

"साडू, बन्सी बोलतोय! आमच्या शाळेची बी टीम झाली हॉकीची. आमची पोरगी संघमित्रा कॅप्टन. नाव दिलं औंदा!"

"स्टिका कुठनं आनल्या?" रंभाजींनी विचारलं.

"पयल्यांदा रानातल्या वाकड्या फांद्या तासल्या. पोरींना सांगितलं, समोर सात गोलवाली हाय. दिवस उगवायच्या आत डोंगराला पळत्यात बघा भ्यानं!"

सात हा आकडा डोंगरापर्यंत पोचला होता. रंभाजींनी त्या दिवशी उसाच्या दोन गाड्यांची वजनं खोडून पुन्हा लिहिली. असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

आता शुभांगीच्या शाळेचे खेळाचे भागवत सर जागे झाले. सरांचं अर्धं आयुष्य खो-खो शिकवण्यात गेलेलं, बॉल सुटला की ते सवयीने "खो!" ओरडत आणि पोरी जागच्या जागी बसत. गोलकीपरचं सामान शाळेकडे नव्हतं. म्हणून सरावाला रोज संध्याकाळी रंभाजी दोन्ही पायांना गोधड्या बांधून गोलात उभे राहू लागले. काट्यावरून सुटलेली माणसं हा सोहळा बघायला थांबत.

"पप्पा, बॉल आला की तुमी डोळे मिटता," शुभांगी म्हणाली.

"मिटत न्हाई. अंदाज घेतो."

पुढचा अंदाज त्यांच्या नडगीवर बसला. लंगडत घरी येताना शुभांगीने त्यांचा हात धरला होता. चालता चालता ती म्हणाली, "पप्पा, हरलो तरी चालंल मला. पन एक गोल पायजे. समोर कोनीतरी उभं आसताना मारलेला. नायतर मी आयुष्यभर त्या मोकळ्या गोलाचीच ऱ्हाईन."

रंभाजींना पहिल्यांदाच नडगीपेक्षा दुसरीकडे दुखलं. पोरीच्या गळ्यात आपण ढाल नव्हे, धोंडा बांधला, हे त्यांना कळलं. आता त्यांना जिंकणं नको होतं. पोरीला हवा तो एक गोल मिळावा, एवढंच त्यांनी मनात धरलं.

पण गाव ऐकेल तर ना! याही वर्षी नावं दोनच शाळांची, म्हणजे पुन्हा थेट फायनल. ती कारखान्याच्या मैदानावर घ्यायची असं चेअरमनसाहेबांनी ठरवून टाकलं. "साळवे, मागल्या साली सात झाले. औंदा मिरवणूक काढायची!" असं म्हणून त्यांनी बँड सांगितला, ट्रॅक्टरची ट्रॉली केळीच्या खुंटांनी सजवायला लावली आणि गुलालाचं पोतं आणवलं. स्वतः त्यांना त्या दिवशी नगरला मीटिंग होती. मिरवणुकीला वेशीवर येऊन मिळतो म्हणाले. बँडमास्तरने विचारलं, "साहेब, सुरू कवा करायचं?" साहेब म्हणाले, "आपल्या पोरीचा गोल झाला की थांबायचं न्हाई!"

सामन्याच्या आदल्या दिवशी भंडारदऱ्याची टीम आली आणि उतरली कुठे, तर साळव्यांच्याच घरी. दुसरीकडे उतरू देणं जयमालाबाईंना शोभलं नसतं. टीमबरोबर बन्सी आणि त्यांची बायको, म्हणजे जयमालाबाईंची सख्खी बहीण पुष्पावतीआक्का, आले होते. दोघी बहिणींनी मिळून भाकरी थापल्या, पिठलं रटरटवलं आणि उद्या कोण जिंकावं याविषयी एक अक्षर काढलं नाही. डोंगरातल्या पोरी काटक, काळ्यासावळ्या आणि भुकेल्या होत्या. पण जेवताना सगळ्या चोरून शुभांगीकडे बघत होत्या.

शेवटी संघमित्राने विचारलंच, "ताई, मागच्या साली खरंच सात मारले तू?"

घास रंभाजींच्या हातातच राहिला.

"एक मारला," शुभांगी म्हणाली. "समोर कोनीच नव्हतं. त्यांची गाडी बंद पडली हुती."

 बन्सींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि साडूंकडे वळून पाहिलं. आता हा माणूस मला जन्मभर सोलणार, असं वाटून रंभाजींनी मान खाली घातली. पण बन्सींचा चेहरा भलताच रडवेला झाला होता.

"म्हंजे साडू, आमी चार महिने उगाच पळालो?"

"उगाच न्हाई," रंभाजी कसेबसे म्हणाले. "तब्येतीला बरं आसतंय."

दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती सारी वसाहत लोटली. पाचटाच्या कोप्यांतले ऊसतोडणीवाले कोयते बाजूला ठेवून आले. सामना सुरू झाला आणि भीतीने पळायला शिकलेल्या पोरी कशा असतात ते सगळ्यांना दिसलं. चढावर पळणाऱ्यांना सपाट मैदान म्हणजे गादीच. पहिला गोल संघमित्राचा. दुसराही तिचाच. मध्यंतरानंतर तिसरा झाला, आणि चौथा होताना भागवत सर घाबरून "खो!" ओरडले, तशा त्यांच्याच दोन पोरी खरोखरच खाली बसल्या.

 बँडवाल्यांनी ताशे मांडीवर घेतले. बन्सी मात्र रेघेच्या कडेने नाचत होते आणि प्रत्येक गोलानंतर "साडू, बघितलं का?" म्हणून खात्री करून घेत होते. रंभाजी बघत होते, पण त्यांचं लक्ष एकाच पोरीवर होतं. शुभांगी पडत होती, उठत होती, गुडघ्यावरची माती न झटकता पुन्हा पळत होती. वेळ संपत आली होती. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं तसे रंभाजी रेघेपाशी सरकले. "बाबा रे, थोडं थांब," ते पुटपुटले.

आणि तेवढ्यात बॉल शुभांगीकडे आला. मधल्या रेघेवर. पहिली पोरगी आडवी आली, तिला तिने उजवीकडून काढलं. दुसरीने स्टिक घातली, तिच्या स्टिकवरून बॉल उचलून पुढे टाकला. मग संघमित्रा स्वतः धावून आली. दोघी मावसबहिणी खांद्याला खांदा लावून गोलापुढच्या 'डी'पर्यंत पळाल्या. कुणीच मागे हटेना. शेवटच्या क्षणी शुभांगी गपकन् थांबली, संघमित्रा भरात पुढे गेली, आणि समोर गोलकीपर दोन्ही पाय रोवून उभी राहिली. शुभांगीने अंगातलं होतं नव्हतं ते सगळं त्या फटक्यात घातलं. बॉल गोलकीपरच्या पायाला घासून आत गेला आणि मागच्या फळीवर खाडकन् आदळला.

आपण कधी ओरडलो हे रंभाजींना कळलं नाही. नडगीचं दुखणं विसरून ते मैदानात शिरले होते. बँडमास्तर हुकुमाचा ताबेदार; गोल झाला तसा त्याने हात वर केला आणि ताशे कडाडले. गुलालाचं पोतं फुटलं. ऊसतोडणीवाल्यांनी शुभांगीला उचललं आणि ट्रॉलीत नेऊन उभं केलं. पंच शिट्टी फुंकत राहिले. ती त्यांची त्यांनाही ऐकू आली नसावी.

मैदान रिकामं झालं तेव्हा बन्सी आणि त्यांची टीम एवढेच गोलापाशी उरले होते. पंचांनी त्यांच्या हातात नवी ढाल दिली आणि तेही मिरवणुकीमागे गेले. बन्सी ढाल डोक्यावर धरून पळत आले.

"साडू! आवो साडू, जिंकलो आमी! चार-एकनं जिंकलो!"

"व्हय व्हय, लई भारी खेळल्या पोरी," रंभाजी ट्रॉलीतून म्हणाले. "चढा पटकन. सगळ्यांना घ्या. जागा हाय!"

अशा रीतीने जिंकलेली टीम हरलेल्यांच्या मिरवणुकीत चढली. संघमित्रा शुभांगीच्या कपाळावरचा गुलाल आपल्या कपाळाला लावून हसत होती. दोघींच्या आया ट्रॉलीमागून पदर सावरत चालत होत्या आणि एकाच वेळी डोळे पुसत होत्या. कोणाची आई कशासाठी रडतेय हे विचारायची सोय नव्हती.

वेशीवर चेअरमनसाहेबांची जीप उभी होती. त्यांनी खाली उतरून आधी शुभांगीला हार घातला, फोटो काढून घेतला, आणि मग रंभाजींच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "साळवे, किती झाले?"

"चार-एक, साहेब."

"वा! आपले चार?"

"न्हाई साहेब. आपला एक."

साहेबांच्या तोंडात गुलाल गेला. ते काही बोलायच्या आत रंभाजींनी ट्रॉलीतल्या पोरीकडे बोट केलं. त्यांचा आवाज बँडच्याही वर चढला होता.

"पन समोर पोरी हुत्या, साहेब! इचारा कुनालाबी. अकराच्या अकरा उभ्या हुत्या!"