बाबनरावांची गळती

वच्छलाबाई घाईत आहेत, हे बाबनरावांना त्यांच्या बोटांवरूनच कळले.

मूत्राशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. डॉक्टरांनी मूत्राशयच काढून टाकले आणि बेंबीच्या उजवीकडे लघवीला नवी वाट करून दिली. तिच्यावर एक पिशवी चिकटवलेली असे. दर चौथ्या दिवशी, सकाळच्या चहाआधी, म्हणजे लघवी कमी असताना, वच्छलाबाई जुनी पिशवी काढत, कातडी कोरडी करत, नव्या पिशवीची चकती दोन तळहातांत धरून ऊबदार करत आणि मग अलगद चिकटवत. अर्धा तास जाई. आधी बाबनरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग त्यांच्या ध्यानात आले, की लग्नानंतर बायको इतका वेळ शेजारी बसून बोलते आहे, हे पहिल्यांदाच. तांडापेठेतल्या त्या घरात चाळीस वर्षे हातमाग खडखडत होता. जे काही बोलायचे, ते ओरडूनच बोलले गेले होते. आता ते चौथ्या दिवसाची वाट पाहत.

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या कवडूला, विणकामातल्या जुन्या सोबत्याला, तोच आजार झाला. तेच ऑपरेशन, तशीच पिशवी.

"झालं," म्हणत वच्छलाबाई उठल्या.

"एवढ्यात?"

"कवडूभाऊ थांबले असतीन. त्यांनी बी चहा नाही घेतला अजून."

"तो काहून थांबते? त्याच्या घरी कोनी नाही काय?"

"कोन आहे? बायको गेली. पोरगा सहा वाजताच कळमेश्वरले ड्युटीवर जाते. अन् हात थरथरतेत बिचाऱ्याचे."

"माहे बी थरथरतेत." बाबनरावांनी हात पुढे केला. तो अगदी स्थिर होता, म्हणून त्यांनी जरा हलवला.

वच्छलाबाईंनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. त्या दाराशी पोचल्यावर बाबनरावांनी मनात खुपणारा प्रश्न विचारलाच. "त्याची चकती बी हातातच गरम करतं काय वं?"

"मंग? थंडी चिकटते काय?"

त्या दीड तासाने परतल्या, त्याही हसत. कवडूभाऊंची कातडी कशी स्वच्छ, पुरळ म्हणून नाही, असे त्यांनी सुनेला, काजलला, सांगितले.

"माह्या कातडीले काय झालं?" बाबनरावांनी पलंगावरून विचारले.

"तुमची केसाळ आहे."

पुढचे तीन दिवस बाबनराव कवडूच्या कातडीवर विचार करत होते. चौथ्या दिवशी वच्छलाबाई तिकडे गेल्या आणि काजल आंघोळीला गेली, तसे ते उठले. स्वयंपाकघरात पेल्यातल्या पाण्यात चिमूटभर हळद बोटांनी कालवली, ती चादरीवर ओतली, पेला जागेवर ठेवला आणि पडून राहिले. काजल बाहेर येताच ते कण्हले.

"पिशवी गळून राहिली वाटते बाई. जाय, तुह्या सासूले बोलाव."

पण काजल कामाची सून. "आईले काहून त्रास देता बाबा? मीच पाहते ना," म्हणून तिने चादर ओढली, मोरीत नेली आणि साबण चोळला. साबण लागताच हळदीने आपला गुण दाखवला. पिवळा डाग लालभडक झाला.

"बाबा, रक्त," काजल दारात येऊन म्हणाली. तिने चादर पुढे धरली.

बाबनरावांनी चादर पाहिली आणि ते स्वतःच गार पडले. आजार परत आला, असेच त्यांना वाटले. पेल्याची आठवण झाली, तोवर काजलने नवऱ्याला, भूपेशला, फोन लावला होता. भूपेशने कामावरून, वाडीच्या गोदामातून, दवाखान्यात फोन केला. तिकडून विचारणा झाली, रक्त किती? काजल म्हणाली, चादरभर. तिकडून सांगितले, ताबडतोब आणा.

खरे सांगावे, तर सुनेसमोर अब्रू जाणार. न सांगावे, तर पोट पुन्हा कापले जाणार. बाबनराव विचार करत राहिले आणि भूपेश मोटारसायकलवर येऊन पोचला. दारात ऑटोही लागला.

"पिशवीत तर साफ दिसून राहिलं," भूपेश वाकून म्हणाला.

"मंग चादरीवर कोठून आलं?" काजलने विचारले. ती चादर डॉक्टरांना दाखवायला प्लास्टिकच्या थैलीत भरत होती.

बाबनरावांनी डोळे मिटून घेतले.

शेजारणीकडून बातमी लागताच वच्छलाबाई धावत आल्या. त्यांच्या मागून कवडू आला, पोटावर टॉवेल दाबून. त्याची पिशवी अर्धवटच राहिली होती. वच्छलाबाईंनी थैली उघडली, चादर नाकाशी नेली. मग नवऱ्याच्या बोटांकडे पाहिले. नखे पिवळी होती.

"भूपेश, ऑटो वापस पाठव."

"काहून आई?"

"रात्री माह्या हातून हळदीचं दूध सांडलं होतं. साबनानं लाल झालं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "आता उठा. माहे हातपाय कापून राहिले. कवडूभाऊची पिशवी तुम्हीच लावा."

बाबनराव उठले, हात धुऊन आले. कवडू पलंगावर आडवा झाला. तुटलेला रेशमी धागा जोडण्यात ज्यांची उमर गेली, त्या बोटांनी चकती अशी बसवली, की एक सुरकुती पडली नाही.

"वैनीपेक्षा हलका हात आहे गा तुहा," कवडू म्हणाला.

"मंग? धाग्यावर माहाच हात हलका, हे वीस वर्षांपासून सांगून राहिलो, तुले कोठं पटते?"

तेव्हापासून कवडूचे काम बाबनरावांकडे आले. पहिल्या वेळी ते तासाभराने परतले. दुसऱ्या वेळी दोन तासांनी, तेही गालात हसत.

वच्छलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "अर्ध्या तासाचं काम ते. इतका वेळ काय करून राहिले होते?"

"गोष्टी."

"कोनत्या?"

"अशाच. जुन्या."

त्या आत गेल्या. दिवसभर भांडी जोरात आपटत होती.

पुढच्या चौथ्या दिवशी बाबनराव निघाले, तर वच्छलाबाई पदर कपाळाला बांधून पडलेल्या.

"काय झालं वं?"

"डोकं फुटून राहिलं. तुम्ही जा. कवडूभाऊ थांबले असतीन."

बाबनरावांनी कपाळावर हात ठेवला. कपाळ थंडगार होते आणि डोळा किंचित उघडा. त्यांनी चपला काढल्या, उशाशी बसून डोके दाबू लागले आणि काजलला हाक मारली.

"कवडूले निरोप दे बाई. म्हनावं, चहा घेऊन टाक. आज मले उशीर होईन."