तोंडातला कापूस निघाल्यावर

दातांच्या डॉक्टरांनी एका कट्टर नास्तिक वकिलाला प्रभू येशूबद्दल निधड्या छातीने सांगितलं आणि त्याच रविवारी तो वकील चर्चमध्ये पहिल्या बाकावर येऊन बसला. हे वाक्य वाचलंच नाही असं वाचकांनी समजावं. असं काहीही घडलेलं नाही. अजून सोमवार आहे, वकीलसाहेबांची दाढ ठणकते आहे आणि डॉक्टर हातमोजे चढवताहेत.

येशूची सुवार्ता सांगण्यात डॉक्टरांचा हात धरणारा चर्चच्या मंडळीत कोणी नव्हता. निदान डॉक्टरांचं तसं मत होतं. "या आठवड्यात कोणी कोणाला सांगितलं?" असं पाळकसाहेबांनी विचारलं की बाकीचे गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसत आणि डॉक्टर ताठ उभे राहत. "मी रोज सांगतो! आजवर एकानेही उलट शब्द काढलेला नाही."

"काढतील कसा?" दवाखान्यात नावं पुकारायला बसणारी त्यांची बायको घरी आल्यावर म्हणे. "तुम्ही आधी कापूस कोंबता, मग देवाचं काढता."

"लोक शांतपणे ऐकतात."

"अहो, त्यांना भूल दिलेली असते."

डॉक्टरांची पद्धत खरंच तशी होती. दाढ काढायची, खड्ड्यावर बोळा ठेवायचा, 'दात आवळून धरा, अर्धा तास बोलायचं नाही' असं बजावायचं आणि मग सुरू व्हायचं. पण काल पाळकसाहेब हसत म्हणाले होते, "डॉक्टर, एवढ्यांना सांगता, तर येत्या रविवारी त्यातला एक तरी घेऊन या ना." सगळी मंडळी वळून बघत होती. "एकच? आणतो की!" असं डॉक्टर बोलून बसले आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

वकीलसाहेबांची दाढ निघाली. बोळा बसला. डॉक्टर सुरू झाले.

"देवाने आपल्याला क्षमा केली, वकीलसाहेब, आपली लायकी नसताना! त्यासाठी त्याचा पुत्र वधस्तंभावर गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. ज्याला ही क्षमा मिळाली, तो कोणाशी वैर धरूच शकत नाही!"

वकीलसाहेबांची डावी भुवई वर गेली. डॉक्टरांना वाटलं, पवित्र आत्मा काम करतो आहे. त्या भरात त्यांनी खुर्ची वर घ्यायला पायाने कळ दाबली. खुर्ची 'खट्' करून खाली गेली. वकीलसाहेबांचं डोकं जमिनीकडे, बूट छताकडे. डॉक्टरांनी आणि बायकोने मिळून त्यांना उठवून पाहिलं, पण वकीलसाहेब कोर्टात जेवढे वजनदार होते तेवढेच कोर्टाबाहेरही होते. खुर्ची दुरुस्त करणारा फोनवर "निघालोच" म्हणाला, म्हणजे त्याची अजून अंघोळ व्हायची होती.

तेवढ्यात अर्धा तास संपला. वकीलसाहेबांनी स्वतःच्या हाताने बोळा काढला.

"डॉक्टर," ते खालून म्हणाले, "समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?"

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे त्यांचीच पाटी होती: 'आमची कोठेही शाखा नाही. समोर तर नाहीच.'

"मला तुमचं म्हणणं आवडलं होतं," वकीलसाहेब म्हणाले. "पुराव्यात मार खाल्लात."

बायको हळूच म्हणाली, "भाऊजींकडे हीच खुर्ची आहे. त्यांचीही अशीच अडकते. ते सोडवतात."

"तुला काय माहीत?"

"मी बोलत असते त्यांच्याशी."

रस्ता अरुंद होता. तरी तो ओलांडायला डॉक्टरांना बराच वेळ लागला, कारण एकही गाडी येत नव्हती आणि थांबायला निमित्त सापडत नव्हतं. भाऊ एका बाईंच्या तोंडात कापूस ठेवत होता. दारात दादाला बघून त्याचा चिमटा हवेतच राहिला.

"माझं चुकलं," डॉक्टर म्हणाले. "आणि खुर्ची अडकलीय."

"दादा, आधी कुठलं बघू?"

"दोन्ही."

भाऊ आला. "वहिनी, जरा दिवा धरा," म्हणत खुर्चीखाली शिरला, टाचेने एक सणसणीत लाथ घातली आणि वकीलसाहेब सावकाश, एखाद्या मंत्र्यासारखे, वर आले. त्यांनी चूळ भरली, कोट झटकला. डॉक्टरांना वाटलं, सुटलो. आता हा जाणार.

"आता परत सांगा," वकीलसाहेब म्हणाले. "पहिल्यापासून. आता माझं तोंड मोकळं आहे."

डॉक्टरांचा हात सवयीने कापसाकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. मग ते बोलले. वकीलसाहेबांनी दर वाक्याला अडवलं. काही प्रश्नांना डॉक्टरांनी उत्तर दिलं, काहींना "हे मला माहीत नाही" म्हणाले, पण मागे हटले नाहीत. "तो मेलेल्यातून उठला," ते म्हणाले, "आणि मला क्षमा करून बसलाय. नाहीतर मी हा रस्ता ओलांडला असता का?"

वकीलसाहेबांनी कोटाची बटणं लावली.

"पटलं नाही," ते म्हणाले. "पण साक्षीदार खोटा वाटत नाही. रविवारी किती वाजता?"

रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. डॉक्टर ताठ उभे राहिले आणि "एकालाच सांगितलं," एवढंच म्हणून खाली बसले. शेजारी धाकटा भाऊ नाक शिंकरत होता. बायको मात्र मान वळवून वळवून बघत होती, पहिल्या बाकावर कोण बसलंय ते सगळ्यांना दिसतंय ना म्हणून. पाटीवरची 'समोर तर नाहीच' ही ओळ तिने आदल्या दिवशीच पुसून काढली होती. वकीलसाहेबांनी उपदेशात इतक्यांदा हात वर केला की पाळकसाहेबांचा घाम निघाला. सोमवारी मंडळीच्या कार्यालयात त्यांचा अर्ज दाखल झाला:

'महोदय, अर्जदार अद्याप विश्वासणारा नाही, तथापि पुढील रविवारीही हजर राहणार आहे. सरळ पाठीच्या बाकावर अर्जदारास नेमके प्रश्न सुचत नाहीत. डोके खाली व पाय वर असता सुचतात, हे अनुभवास आले आहे. सबब, पहिल्या बाकाच्या जागी दातांच्या दवाखान्यातील एक नादुरुस्त खुर्ची बसवावी, आणि उपदेश सुरू असताना पाळकसाहेबांची उलटतपासणी घेण्यास, मध्ये चूळ भरण्याच्या सुट्टीसह, परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'