ला पाझ: फायदे, तोटे आणि एक सपाट दगड

या पाहुणे, बसा. त्या गोल दगडावर नको, तो डुगडुगतो. या सपाट दगडावर बसा. चक्कर येतेय ना? यायचीच. सांताक्रूझच्या सपाटीवरनं पहिल्यांदा वर चढलेल्या माणसाला ला पाझमध्ये चक्कर आली नाही, तर आम्हालाच त्याची काळजी वाटते. हा घ्या कोकाच्या पानांचा चहा. घाई करू नका, तुमची बस पुढं जात नाही. पुढं रस्ता रोको आहे. मीच केलाय, म्हणून खात्रीनं सांगतो.

तुम्ही इथं कायमचं राहायला आलात म्हणे. (ड्रायव्हरनं सांगितलं. आमच्याकडं ड्रायव्हर सगळं सांगतात, फक्त बस कधी सुटणार तेवढं सोडून.) मग बूड टेकलंच आहे तर एक घडलेली गोष्ट ऐका. या शहरात राहण्याचे फायदे-तोटे आपसूक कळतील.

पहिलं म्हणजे, माणूस ज्या गावात राहतो ते गाव जगात सगळ्यात चांगलं असतं. नसतं, तर तो तिथं राहिला कशाला असता? आणि चांगलं नसूनही राहिला असेल, तर तो गाढव. आता आमच्या वस्तीत घरं चारशे बारा. एवढी गाढवं एका उतारावर मावायची नाहीत. म्हणजे गाव चांगलंच आहे. झालं सिद्ध.

मी एलेउतेरियो चोके. धंद्यानं गवंडी, शाळा चौथीपर्यंत, आणि गेली अकरा वर्षं वस्ती समितीचा तंटा-चिटणीस. तंटा मिटवणारा नव्हे हो. मिटवायला कुणीही येतं. आमच्या देशात प्रत्येक संघटनेला तंटा चालू ठेवणारा एक निवडलेला, शपथ घेतलेला माणूस लागतो. तो मी. हा बघा शिक्का.

तर, मला एकच लेक, येसेनिया. तिला एक मुलगी, लुस्मिला, दीड वर्षाची. दोघी आमच्याच घरी, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या मनात तिसरा मजला चढवून द्यायचं होतं. म्हणून जानेवारीत छोट्या वस्तूंच्या जत्रेला गेलो. चोवीस तारखेला, बाराच्या ठोक्याला, वर्षभरात जे हवं त्याची बोटभर नक्कल विकत घ्यायची, तिला धूप दाखवायचा आणि घरातल्या मिशाळ एकेको देवापुढं ठेवायची. बोटभर गाडी, बोटभर गाय, बोटभर पदवी. (माझ्या मेव्हण्याकडं वकिलीची बोटभर सनद आहे. सल्लाही तेवढाच देतो.) मी बोटभर घर घेतलं. विटांचं, पक्की गच्ची, आणि दारात हिरवंगार झाड. झाडाला भुललो. आमच्या वस्तीत झाड म्हणजे विजेचा खांब.

घरी आलो तर बायको, कासिमिरा, घर डोळ्यांजवळ धरून बघत बसली.

"अहो, हा ताड आहे."

"असू दे की. झाड ते झाड."

"इथं ताड उगवतो का?"

"अगं, देवाला एवढं कुठं कळतंय!"

देवाला कळलं. एप्रिलात जावयाला, रोलांदोला, सांताक्रूझच्या एका लाकडाच्या वखारीत नोकरी लागली, राहायच्या घरासकट. त्यानं फोटो धाडला. विटांचं घर, पक्की गच्ची, दारात ताड. चूक माझी होती, देवानं माल बरोबर पोचवला होता.

येसेनिया म्हणाली, "ताता, पुढच्या महिन्यात निघतो."

मी काय केलं? बाप म्हणून मी कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं. तंटा-चिटणीस म्हणून तातडीची सभा बोलावली. विषय एक: ला पाझमध्ये राहण्याचे फायदे-तोटे. चार तास चर्चा झाली, इतिवृत्त लिहिलं, शिक्का मारला. कागद खिशातच असतो. ऐका.

तोटा पहिला. हवा विरळ आहे. ठराव: हा फायदा समजावा. कारण भांडण लांबत नाही. नवराबायको पहिल्या मजल्यावर सुरू झाले की तिसऱ्यावर पोचेस्तोवर दम संपतो, आणि पायरीवर बसून एकमेकांची पाठ चोळतात. (पाहणी केली. सात जोडप्यांपैकी सहा अशी निघाली. सातवं तळमजल्यावर राहतं.)

तोटा दुसरा. पाणी लवकर उकळतं, पण त्यात शिजत काही नाही. घरात कुकर नसेल तर सकाळी चढवलेला घेवडा संध्याकाळी दाताखाली कडकड वाजतो. ठराव: फायदा. पाहुण्याला "जेवूनच जा" म्हणायला इथं कुणी कचरत नाही.

तोटा तिसरा. रस्त्याच्या उन्हातल्या बाजूला नाक भाजतं, सावलीतल्या बाजूला कान गोठतात. ठराव: फायदा. म्हणून तर सगळी जनता रस्त्याच्या मधोमध चालते, आणि मधोमध चालणाऱ्या जनतेचा मोर्चा व्हायला कितीसा वेळ लागतो? (मागच्या वर्षी मोर्चे दोनशे साठ. उरलेले दिवस मिरवणुकांचे. फरक सोपा आहे, मिरवणुकीत बँड सुरात वाजतो.)

तोटा चौथा. पत्ता विचारला तर कुणी "माहीत नाही" म्हणत नाही. तसं म्हणणं उद्धटपणाचं दिसतं. माहीत नसलं तरी माणूस मनापासून हात करतो, वर नाहीतर खाली. ठराव: फायदा. चौघांना विचारा, चार वाटा कळतात. फोर्तुनातोची बायको याच पद्धतीनं दवाखाना शोधताना त्याला भेटली. (फोर्तुनातो आमचा इतिवृत्त लिहिणारा. दवाखाना अजून सापडलेला नाही.)

तोटा पाचवा. दुसऱ्या गावांत श्रीमंत टेकडीवर आणि गरीब खड्ड्यात राहतात. इथं उलटं आहे, पैसेवाले खाली उबेला आणि आम्ही वर वाऱ्यात. ठराव: अर्थातच फायदा. त्यांच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते आम्हाला दिसतं. आमचं त्यांना दिसत नाही.

तोटा सहावा म्हणजे हा डोक्यावरनं जाणारा पाळण्यांचा रोपवे. यावर बाचाबाची झाली. आम्ही इथं जिवाचं रान करून रस्ता अडवायचा, आणि लोकांनी वरनं तरंगत जायचं? जायचं तर जा, पण हात करून जातात हो! तोटा, कायम. पूर्ण यादीत हा एकच तोटा निघाला.

वाचून झालं. टाळ्या पडल्या. येसेनिया मागं उभी होती, पाठीवर लुस्मिला बांधलेली.

"ताता, यादी चांगली झालीय. लुस्मिलाचा खोकला कुठल्या रकान्यात घातला?"

लुस्मिला नेमकी तेव्हाच खोकली, म्हाताऱ्या खाणकामगारासारखी. थंडी सुरू झाल्यापासून तेच चाललं होतं.

फोर्तुनातोनं पेन वर धरलं. "साथी चिटणीस, खोकला फायद्यात लिहू का तोट्यात?"

"पुढच्या सभेत घेऊ," मी म्हणालो.

"पुढच्या सभेला मी सांताक्रूझला असेन," ती म्हणाली. "वाफ दिली, पानं वाटून लावली, दोन डॉक्टर झाले. दोघांनी सांगितलं, खाली न्या. आता तुम्ही सांगा."

काय सांगणार? मी सांगितलं, "रस्ता रोको."

वस्तीतनं वरच्या हमरस्त्याला लागायला हा एकच रस्ता. सकाळी सहाला एक्केचाळीस साथी, नव्वद दगड, एक मोडकी खाट. मागणी एकच, पुठ्ठ्यावर लिहिली: साथी येसेनिया चोके हिनं वस्ती सोडू नये. शेजारी नियमांचा पत्रा टांगला. नियम जुने आहेत, पाण्याच्या नळासाठी बसलो होतो तेव्हाचे. सगळे मीच लिहिलेत. तो बघा, अजून आहे. एक, गाडी जाणार नाही. दोन, पायी जाणाऱ्याला वाट द्यावी. तीन, अंगावर लेकरू असलेल्या बाईला आधी वाट द्यावी. चार, पायी जाणाऱ्याचं ओझं जड असेल तर साथींनी हात लावावा, आपण काही जनावरं नाही. पाच, रस्त्यावर कायम एक तरी माणूस बसलेला हवा. उभा चालत नाही, उभा माणूस वाट बघणारा दिसतो. बसलेला माणूस म्हणजे आंदोलन.

आठ वाजता येसेनियाचा ट्रक आला आणि दगडांपाशी थांबला. मी शिट्टी फुंकली. मनात म्हटलं, जिंकलो.

पण पोरगी माझीच ना. तिनं दोन ट्रक ठरवले होते, एक अलीकडं, एक पलीकडं.

"ताता, नियम चार."

"मला शिकवतेस? मीच लिहिलाय तो."

"मग फ्रिजची ती बाजू धरा."

धरली. काय करणार? समितीचा नियम मोडायचा? एक्केचाळीस साथींनी हात लावला. पलंग, गाद्या, शिवणयंत्र, सहा खुर्च्या. एकोणीस मिनिटांत पूर्ण संसार पलीकडच्या ट्रकात, एक कप फुटला नाही. फोर्तुनातो तर चढावर म्हणाला, "साथी चिटणीस, आपल्या लोकांची ही शिस्त बघून ऊर भरून येतो." माझाही भरून आला होता. दोष मी फ्रिजवर ढकलला.

शेवटी नियम तीन. दगड दोन हात बाजूला सरकवून तिला वाट दिली. तिनं लुस्मिलाला माझ्याकडं दिलं.

"घ्या मुका. दोन महिन्यांनी केस काढायचेत हिचे. पहिली बट आजोबानं कापायची असते, आठवण आहे ना? का तेव्हाही रस्ता अडवून बसणार?"

"तेव्हाचं तेव्हा," मी म्हणालो.

"ताता..."

"जा आता. मागं गाड्या खोळंबल्यात."

ट्रक त्या वळणावरनं गेला. इतिवृत्तात नोंद आहे: एकही गाडी सोडली नाही, रस्ता रोको शंभर टक्के यशस्वी.

आता अडचण ऐका. रस्ता रोको सुरू कुणीही करतं, पण उठवायला करार लागतो. ज्याच्याकडं मागणी केली त्यानं सही करायची, मग दगड हलतात. मागणी येसेनियाकडं. ती सांताक्रूझला. म्हणजे उठवायचा कसा? आज सत्तावन्नावा दिवस. बाकीचे चाळीस साथी जेवायला गेलेत. (अठराव्या दिवशी गेले. घेवडा शिजत असेल.) तेव्हापासून मी एकटाच आहे. एकटा म्हणजे, कासिमिरा चहा आणून देते आणि माझ्याशी बोलत नाही.

परवा येसेनियाचा फोन आला होता. मी म्हटलं, पोरीला फोनवर घे. घेतलं. अर्धा तास कान लावून बसलो. पाहुणे, ती एकदाही खोकली नाही. हसत होती. मी फोर्तुनातोला इथंच बोलावलं आणि यादीत एक ओळ घालून घेतली. सातवा तोटा. त्याला ठराव नाही.

केस रविवारी काढायचेत.

आता कसं वाटतंय? चक्कर कमी झाली? नाही? उत्तम, म्हणजे अजून तासभर तरी तुम्हाला उठवणार नाही. हे बघा, तुमची बस मागं वळतेय, सांताक्रूझला परत. तुमची सीट मोकळीच आहे, एकोणीस नंबर, खिडकीची. विसाव्या सीटवर बोचकं मांडीवर घेऊन एक बाई बसलीय ना? कासिमिरा. तुम्ही चहाचा पहिला घोट घेतलात तेव्हाच चढली. गाद्या टपावर टाकल्यात. नाही हो, कायमचं कुठलं! सही घ्यायची, बट कापायची आणि यायचं. गाद्या आपल्या अशाच घेतल्या, तिकडं पाठ दुखते म्हणतात.

ही शिट्टी गळ्यात घाला. शिक्का खिशात ठेवा. हा कुकर पण असू द्या, खाली लागत नाही, तिकडं कशातही शिजतं. वरचं ते निळ्या दाराचं आमचं घर बघा, किल्ली डावीकडच्या विटेखाली आहे. फायद्यांची यादी तोंडपाठ करा, पाच आहेत. कुणी विचारलं तर सांगा, चिटणीस जेवायला गेलेत.

आणि एक विनंती आहे, नाही म्हणू नका. वळणावर बस गेली की कासिमिरा मागं वळून बघणार. सत्तेचाळीस वर्षं राहिलेला रस्ता तिला रिकामा दिसायला नको. तेवढं वळणापर्यंत तरी त्या दगडावरनं उठू नका.