फुलाशीही सभ्यपणानं बोला

वारज्यातल्या त्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर गेल्या वर्षी दोन पोक्त गृहस्थांनी एकमेकांवर रॅकेटी उगारल्या, तेव्हापासून पंच आप्पासाहेबांनी नियम कडक केले होते. अंगावर जाणं बंद, आरडाओरडा बंद, आणि खेळाडू किंवा त्याच्या घरचं कुणी असभ्य बोललं तर गुण समोरच्याला. टोमण्यांबद्दल नियम नव्हता. तसा केला असता तर सोसायटीत बोलणंच बंद पडलं असतं.

अंतिम सामना जिंकणाऱ्या जोडीला वर्षभर रविवारी सकाळचं कोर्ट मिळणार होतं. कल्याणीला ते हवंच होतं. मुक्ता झाल्यापासून तिच्या वाट्याला स्वतःचा असा एक तास आला नव्हता. आंघोळसुद्धा दार किलकिलं ठेवून, "आहे गं, आई इथंच आहे," असं गात गात उरकायची.

समोर होत्या बी विंगच्या शर्मिलाताई आणि त्यांचे यजमान. कडेला आजीच्या मांडीवर बसलेल्या मुक्ताकडे बघत शर्मिलाताई जाळ्यापाशी आल्या त्याच गोड हसत.

"मुक्ता दोन वर्षांची होईल ना आता? अजून एक शब्द नाही? नाव मुक्ता, आणि अगदीच मुकी हो! आमची सई या वयात श्लोक म्हणायची. पण आपण काळजी करू नका हं."

कल्याणीची सर्व्हिस जाळ्यात गेली. पुढचे दोन फटकेही.

"ऐकलंस?" ती नवऱ्याला, अभयला कुजबुजली. "आपण-आपण करून मारतेय ती मला!"

अभय अमरावतीचा. पुण्यातल्या 'आपण'ला दात कुठं असतात, ते त्याला अजून सापडलं नव्हतं.

"इज्जतीनंच तं बोलून राहिली," असं म्हणत त्यानं फटका मारला. शटलचं फूल जाळ्याकडे जाता जाता खाली झुकू लागलं. "जाय नं बे!" तो कळवळून ओरडला.

शिट्टी वाजली. "असभ्य भाषा. गुण समोर."

"काका, मी फुलाले बोललो!"

"फुलाशीही सभ्यपणानं बोलावं. पुणे आहे हे."

तिथून पुढे अभय प्रत्येक फटक्यामागे, "जावं आपण, जावं!" असं फुलाला विनवत खेळला. फुलालाही ते मानवलं असावं. बघता बघता वीस-वीस झाले. सोसायटीच्या नियमानं आता पुढचा गुण घेईल तो जिंकणार.

कल्याणीनं जीव खाऊन मारलेलं फूल जाळ्याच्या काठाला लागलं आणि तिथंच अडल्यासारखं झालं. अभयनं ओठ दाताखाली धरले. तेवढ्यात कडेला बसलेल्या आजीच्या मांडीवरून बारीक, खणखणीत आवाज आला.

"जाय बे!"

फूल आज्ञाधारकपणे पलीकडे पडलं.

टाळ्या सुरू होताहेत तोच शर्मिलाताईंनी हात वर केला. "असभ्य भाषा! खेळाडूच्या घरचं माणूस!"

आप्पासाहेब गोंधळले. "अहो, तान्हं लेकरू ते. नुसता आवाज काढला असेल. काय हो कल्याणी, बोलली का ती? नसेल, तर गुण तुमचा."

"आवाज कसला? 'जाय' वेगळं, 'बे' वेगळं!" शर्मिलाताई इरेला पेटल्या. "स्वच्छ बोलली! इतके स्पष्ट उच्चार या वयात आमच्या सईचेही नव्हते!"

कल्याणीनं एकदा कोर्टाकडे पाहिलं. वर्षभराचे रविवार तिथं रांगेत उभे होते. मग मुक्ताकडे पाहिलं. ती अजून बोट रोखून फुलाकडे बघत होती.

"ताई म्हणतात ते खरंय," कल्याणी म्हणाली. "बोलली. चांगले दोन शब्द बोलली. द्या त्यांना गुण."

"अवं, हरलो नं आपण!" अभय मटकन खालीच बसला.

कल्याणीनं रॅकेट त्याच्या मांडीवर ठेवली, लेकीला कडेवर घेतलं, तिचे पटापटा मुके घेतले आणि शर्मिलाताईंपुढं जाऊन गोड हसली.

"चारचौघांत आपण दाखला दिलात, फार उपकार झाले. आता कुणी मुक्ताची चौकशी केली, की आपल्याकडेच पाठवीन."

शर्मिलाताईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं. त्याआधीच मुक्तानं बोट त्यांच्यावर रोखलं.

"जाय बे!"

आप्पासाहेबांची शिट्टी ओठांपर्यंत गेली आणि हळूच खिशात परतली.

"सामना संपलाय," ते म्हणाले. "आता काही करता येत नाही."